कढईतला फोन

एल्दियार आणि जिबेक पहिल्यांदा नीट समोरासमोर आली ती पुलावाच्या कढईपाशी. कढईत पुलाव नव्हता. सगळ्या वर्गाचे फोन होते.

कढई शारशेन सरांच्या घरची. सर आठवडाभर नारीन शहरातल्या कॉलेजात इतिहास शिकवत आणि शनिवारी लग्नाच्या दावतींत कुणी कधी पेला उचलून शुभेच्छा द्यायच्या ते ठरवत. म्हणून वर्गातला नियमही तसाच: फोन आधी कढईत टाकायचे, आणि तासाला ज्याचा फोन वाजेल त्यानं उभं राहून कुणासाठी तरी शुभेच्छा बोलायच्या. पेला मिळणार नाही, पण बोलणं पूर्ण हवं.

त्याआधी वर्षभर दोघं दोन बाकांवरून एकमेकांना मेसेज करत होती. फोनवर एल्दियारची जीभ भलतीच चालायची. प्रत्यक्षात...

"थंडी आहे," तो म्हणाला.

"मे महिना आहे."

"हो... मेच्या मानानं."

जिबेकनं हसू दाबलं. "रविवारी तलासहून माणसं येतायत. माझ्या कानांत डूल घालायला. आईला मुलगा पसंत आहे."

मुलाच्या आईनं डूल घातले की सोयरीक पक्की. एल्दियारचा चेहरा उतरला.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "कुणाला काही बोलायचं असेल तर —"

"संध्याकाळी मेसेज करतो."

"मेसेज नको. तोंडानं बोल."

त्यानं तोंड उघडलं, कढईत फोन टाकला आणि जाऊन बसला.

तास सुरू झाला. मंगोल स्वारी ऐन रंगात आली असताना जिबेकनं दप्तरातून बहिणीचा जुना फोन काढला आणि एक नंबर लावला. कढई घुमली.

सरांनी झाकण उचललं. "एल्दियार. उठा, राजे."

आमच्याकडचा माणूस एक वेळ लग्नाला नाही म्हणेल, शुभेच्छांना नाही. तो उठला. खिडकीकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, मग — तिच्याकडे.

"जिबेकसाठी बोलतो. तिच्या घरचा चहा कधी गार न होवो. तिच्या कानांत डूल पडोत..." तो थांबला. वर्गही थांबला. "पण माझ्या आईच्या हातून."

मागच्या बाकावर कुणीतरी ताल धरला.

"फोन लावला कुणी?" सरांनी विचारलं.

"मी, सर."

"मग तुम्हीही बोला."

जिबेक उठली. गाल तांबडे, आवाज मात्र स्वच्छ.

"एल्दियारच्या आईसाठी. त्यांना शनिवारीच यायला जमो. रविवारी उशीर होईल."