रोझलिनचे अर्ज

हे जसं घडलं तसंच सांगतेय. पदरचं काही घातलेलं नाही. खोटंच सांगायचं असतं, तर त्यात मी स्वतःला जरा बरी दाखवली असती.

२४ नोव्हेंबर २०१४. सोमवार. दुपारचे दोन.

वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या हॅमरिक काउंटीचं कोर्ट. तळघरातली नोंदींची खोली.

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता तो. त्या दिवशी आमच्याकडे शाळासुद्धा बंद असतात. गावातले झाडून सगळे पुरुष डोंगरात. कोर्टात चिटपाखरू नव्हतं. लांबून मधूनच बंदुकीचा बार ऐकू यायचा...

आणि मग पुन्हा सगळं शांत.

माझं नाव कॉर्डी कोगर. माझा नवरा वेंडेल त्याच्या दोन महिने आधी गेला होता. मला कोर्टातून एकच कागद हवा होता, त्याच्या पहिल्या घटस्फोटाचा निकाल.

का, ते सांगते.

चर्चमागच्या दफनभूमीत वेंडेलने १९८६ सालीच दोघांची जागा घेऊन ठेवली होती. दोघांची म्हणजे त्याची आणि रोझलिनची. रोझलिन ही त्याची पहिली बायको. खरेदीखतावर दोघांची नावं. आता वेंडेलला तिथे पुरलं, पण शेजारची अर्धी जागा कागदोपत्री अजून तिचीच होती.

रोझलिन स्वतः २००९ मध्ये ओहायोत वारली. हे मला पक्कं माहीत आहे, कारण वेंडेल तिच्या अंत्यविधीला गेला आणि तीन दिवस राहिला.

तीन!

तिची राख तिच्या बहिणीच्या कपाटात आहे. दफनभूमीचा कारभार बघणारा ग्रोव्हर मला म्हणाला, "कॉर्डी, माझं काही म्हणणं नाही गं. पण उद्या ती बहीण राख घेऊन दारात उभी राहिली, तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? निकालात जागा वेंडेलला दिली असेल, तर शिक्क्याची प्रत आण. विषय मिटला."

एकोणीस वर्षं संसार मी केला. त्याचं आजारपण मी काढलं. आणि कायमचं शेजारी झोपायला ती?

मला तिचा मत्सर वाटायचा. लपवत नाही. घटस्फोट झाला तरी तिने 'कोगर' आडनाव सोडलं नाही, याचाही वाटायचा. "रोझलिनसारखं सफरचंदाचं बटर कुणाला जमलं नाही," असं वेंडेल एकदा जेवताना बोलून गेला होता. तेव्हापासून दालचिनी-लवंग घालून आटवलेला तो सफरचंदाचा गर माझ्या घरात शिजला नाही.

तर, तळघर.

खिडकीपाशी माव्हिस नावाची कारकून बसली होती. शेजारच्या काउंटीतली, इथे लागून तीन-साडेतीन वर्षं झालेली. पेपरोनी रोल खात होती.

"आज तुम्ही दुसऱ्याच," ती म्हणाली.

"दुसरी काय?"

"दुसऱ्याच बाई. बाकी सगळं गाव हरणांच्या मागे. कुठलं साल?"

"चौऱ्याण्णव. कोगर विरुद्ध कोगर."

"आत जा, सूची बघा, खटल्याचा नंबर आणा. मग फाईल मी काढते. चौऱ्याण्णवची सूची सगळ्यात वरच्या फळीवर आहे, शिडी घ्या."

मी आत गेले. लांबच लांब खोली. दोन्ही बाजूंना छताला टेकलेली कपाटं.

शिडी लागलीच नाही.

१९९४ ची सूची खाली, उतरत्या टेबलावर ठेवलेली होती...

उघडी.

'कोगर'च्या पानावर.

वाटलं, आधीच्या बाईने काढली असेल. आमच्याकडे कोगर ढिगाने आहेत. मी चष्मा लावून नंबर उतरवून घेऊ लागले.

तेवढ्यात कपाटामागे पान उलटल्याचा आवाज आला.

एक... मग दुसरं... आरामात, घाई नसल्यासारखं.

"कोण आहे?" मी विचारलं.

आवाज थांबला. मी वळसा घालून मागे गेले. तिथे भिंत होती. माणूस उभं राहील एवढीसुद्धा जागा नव्हती. पण दालचिनी आणि लवंगांचा वास येत होता, सफरचंदं तासन्‌तास शिजवली की येतो तो.

मी नंबर घेऊन बाहेर आले. पळाले म्हणा हवं तर.

माव्हिसने फाईल काढली. चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं: दफनभूमीतली जागा, दोन्ही भाग, वेंडेल कोगर यांच्याकडे. मला तिथेच नाचावंसं वाटलं. माव्हिसने प्रत काढून तिच्यावर शिक्का मारून दिला.

तशीच घरी गेले असते तर?

पण माझा स्वभाव! मला राहवेना. म्हटलं, आमच्या कागदांत आजवर कोणी कोणी नाक खुपसलंय, ते तरी कळू दे.

"माव्हिस, माझ्या आधी ही फाईल कोणी मागितली होती, ते कळतं का?"

"कळतं की. आलेले अर्जसुद्धा सार्वजनिक नोंदच. कोणीही मागावेत." तिने एक जाडजूड फाईल माझ्यासमोर सरकवली. "कोगरांचे सगळे यात आहेत. वाचत बसा, मला कुठे गर्दी आहे."

घटस्फोटाचा निकाल कोणीच मागितला नव्हता.

पण १९९५ चा एक अर्ज होता. माझ्या आणि वेंडेलच्या लग्नाच्या दाखल्याची प्रत हवी होती. अर्जदार, रोझलिन कोगर. बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. आमच्या लग्नाला तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

मला बरं वाटलं, खरं सांगते. म्हटलं, जळत होती तर!

मग १९९६ चा अर्ज. तेच अक्षर. यात मृत्यूची नोंद मागितली होती.

कोणाच्या मृत्यूची?

कॉर्डेलिया कोगर.

म्हणजे माझ्या.

खाली शिक्का: नोंद आढळली नाही.

१९९७. तोच अर्ज. नोंद आढळली नाही. १९९८. १९९९. दर वर्षी एक, नोव्हेंबरात, शिकारीच्या पहिल्या सोमवारी. कारणाच्या रकान्यात दर वेळी तेच शब्द: 'जागा अजून रिकामी आहे का, ते पाहायला.'

मी पानं उलटत गेले. २००७. २००८. २००९ च्या मार्चमध्ये ती वारली, म्हणजे आता हे संपायला हवं होतं.

संपलं नाही.

नोव्हेंबर २००९... २०१०... २०११... तेच डावीकडे कललेलं अक्षर.

"माव्हिस," मी विचारलं, "हा २०११ चा शिक्का कोणाचा?"

"माझाच. त्यापुढचे सगळे माझेच. का?"

"ही बाई... तू पाहिलीस हिला?"

"रोझलिनबाई? दर वर्षी येतात. किती गोड बोलतात! जुनं घराणं शोधत असतील म्हणून मी कधी खोलात गेले नाही. नोंद नाही म्हटलं की एवढंच म्हणतात, 'अजून आली नाही का? बरं, थांबते मी.'"

मी तिच्या ट्रेकडे बघितलं.

"आणि आज..."

"आज तर तुमच्या आधीच आल्या होत्या. तुम्ही आत होतात तेव्हा अर्ज देऊन गेल्या."

तिने ट्रेमधला सगळ्यात वरचा कागद उचलून दाखवला. २४ नोव्हेंबर २०१४. कॉर्डेलिया कोगर. मी नावावर बोट ठेवलं, तर शाई बोटाला लागली.

"मी त्यांना म्हटलंसुद्धा," माव्हिस म्हणाली, "की आत एक बाई आहेत, तुमच्याच आडनावाच्या. भेटता का?"

"मग?"

"हसल्या. म्हणाल्या, 'नको. तिला निवांत वाचू दे.'" मग माझ्याकडे बघून तिचा चेहरा बदलला. "तुमचं पूर्ण नाव काय हो?"

मी सांगितलं.

मग माव्हिसने खिडकी बंद केली, दिवे घालवले आणि मला गाडीपर्यंत सोडायला आली. माझा हात तिने घट्ट धरला होता.

ग्रोव्हरने कागद पाहिला, वहीत नोंद केली. दगडावर वेंडेलच्या शेजारी माझं नाव कोरून झालं. जन्माचं साल घातलं, पुढची जागा मोकळी ठेवली. जागा माझी झाली, कायद्याने.

त्यानंतर दर नोव्हेंबरात माव्हिस मला फोन करायची.

"आला अर्ज?" मी विचारायचे.

"आला. ट्रेमध्ये सापडला. मी मुद्दाम जेवायला बाहेर गेले होते."

२०१५, १६, १७, १८. तुम्ही म्हणाल, भीती वाटत असेल. वाटायची. पण त्याहून जास्त राग यायचा. आणि एका गोष्टीचं समाधानही होतं, हे कोणाला कळायचं नाही. निदान त्या एका दुपारी ती कोर्टात असायची. वेंडेलजवळ नसायची.

२०१९ च्या त्या सोमवारी माव्हिसचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"कॉर्डी, आली नाही! ट्रे रिकामा. तीन वाजेपर्यंत बघितलं. सुटलीस बाई!"

मी फोन ठेवला आणि कोट चढवला.

ती जागा रिकामी आहे का, हे विचारायला वर्षानुवर्षं येणारी बाई एकाएकी विचारायची का थांबते? मी तर जिवंत होते. म्हणजे तिला हवं ते उत्तर कोर्टातून मिळालेलं नव्हतं.

दफनभूमीत पोचले तेव्हा ऊन होतं. सगळीकडे गवत गुडघाभर, वाळलेलं, ताठ उभं. वेंडेलच्या बाजूलाही तसंच.

माझ्या बाजूचं मात्र दबलं होतं.

डोक्यापासून पायापर्यंत... कुशीवर निजलेल्या माणसाएवढं. तोंड वेंडेलकडे.

"ऊठ," मी म्हटलं. "ही जागा माझी आहे. शिक्क्याचा कागद आहे माझ्याकडे."

गवत हललं नाही.

आता मी रोज दुपारी तिथे खुर्ची टाकून बसते. लोकांना वाटतं, काय ही माया नवऱ्यावर! ग्रोव्हरने तीनदा गवत कापून दिलं. पुन्हा वाढतं, आणि पुन्हा तिथेच दबतं. अंधार पडायच्या आत मला घरी यावं लागतं, गुडघे दुखतात. घरी आले की झोप लागत नाही.

मी तिथून निघते, तेव्हा ती दोघंच उरतात.