सील कुणी उघडलं?

कॉम्प्युटरच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्तीची पाच टेबलं होती, त्यातलं एक त्याचं, आणि कोण कुठल्या टेबलाशी जाणार हे टोकनवर ठरायचं. तिचं टोकन आधी दोनदा त्याच्याच टेबलाला लागलं होतं. एकदा पंखा घरघरत होता म्हणून, एकदा मेमरी वाढवायची म्हणून. आज तिसऱ्यांदाही लागलं, तेव्हा त्याने मनातल्या मनात नशिबाला दंडवत घातला आणि स्वच्छ टेबल पुन्हा एकदा पुसलं.

ती अजून न बांधलेल्या घरांची चित्रं करायची... खोल्या, पडदे, खिडकीतून आत आलेलं ऊन, सगळं कॉम्प्युटरवर. म्हणून काउंटरवरची ताई तिला त्याच्यापाशी ‘घरवाली’ म्हणायची आणि त्याचे कान लाल करायची.

“ग्राफिक्स कार्ड बसवायचंय,” कॉम्प्युटर टेबलावर ठेवून नव्या कार्डाचा खोका पुढे सरकवत ती म्हणाली. “कार्डाशिवाय एक खोली दाखवायला हा अर्धा दिवस घेतो. आणि वॉरंटी आहे ना अजून, तेव्हा म्हटलं... तुमच्याकडूनच बसवावं.”

हे कंपनीला उद्देशून होतं की त्याला, ते विचारायच्या भानगडीत तो पडला नाही. नियम तसा साधा होता. तयार जोडून विकलेला कॉम्प्युटर वॉरंटी संपेपर्यंत सेंटरच्याच माणसाने उघडायचा. मागच्या स्क्रूवर कागदी सील लावायचं आणि अर्धी कागदावर, अर्धी पत्र्यावर अशी सही करायची. सील त्याचं होतं, सहीही त्याचीच. पण कागदावरची अर्धी सही पत्र्यावरच्या अर्धीला जुळत नव्हती. केसभर सरकली होती.

कुणीतरी सील अलगद सोडवून परत चिकटवलं होतं.

त्याने झाकण काढून आत पाहिलं. धुळीचा कण नव्हता. वायरी नव्याने, नीट एकत्र बांधलेल्या, गाठी सगळ्या एका बाजूला. कार्डाच्या जागेवरची लोखंडी पट्टी मात्र काढून परत लावलेली दिसत होती, तिच्यावर ताजा ओरखडा होता. म्हणजे कार्ड बसवायला गेले आणि जमलं नाही साहेबांना! तेवढंच त्याला जरा बरं वाटलं.

“कुणी उघडला होता?”

ती गडबडली. “लगेच दिसतं का हो?... काही बिघडवलंय का?”

“नाही.” खोटं बोलावंसं फार वाटलं, पण कामाबद्दल खोटं त्याच्या तोंडून निघेना. “हात चांगला आहे.”

“खरंच?” तिचा चेहरा असा काही खुलला, की त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या हाताचं एवढं कौतुक!

“कुठे शिकलेत ते?”

“छे हो. बघून बघून.”

“घरचेच आहेत वाटतं?”

तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि ओठ दाबून हसू आवरलं. “हो... घरचंच माणूस आहे.”

संपलं. त्याने कार्ड जागेवर बसवलं, वीज देणारी वायर जोडली आणि स्क्रूड्रायव्हर असा काही फिरवला, की काउंटरवरून ताई ओरडली, “अरे, स्क्रू आवळतोयस की कुणाचा गळा?”

कॉम्प्युटर चालू झाला. आता फॉर्म. त्यात एक ओळ होती: सील शाबूत की तुटलेलं? दुसऱ्या कुणाचं असतं, तर केसभर सरकलेलं सील त्याने खुशाल डोळ्याआड केलं असतं. आज त्याने ‘तुटलेलं’वर एवढ्या जोरात खूण केली, की कागद फाटता फाटता राहिला.

“वॉरंटी गेली तुमची. सात महिने बाकी होते. सांगा त्यांना.”

“कुणाला?”

“ज्यांचा हात चांगला आहे त्यांना.”

“मग मलाच सांगताय की,” ती म्हणाली. “मीच उघडलं. मागच्या वेळी तुम्ही वायरी बांधताना इथेच उभी राहून बघत होते मी. गाठी तुम्ही डावीकडे ठेवता... मीही तशाच ठेवल्या.”

त्याने आत वाकून पाहिलं. गाठी डावीकडेच होत्या, हुबेहूब त्याच्यासारख्या. म्हणजे तासभर तो स्वतःच्याच कामावर जळफळत होता!

“आणि कार्ड... ते नाही जमलं ना?”

“जमलं की. दोन दिवस छान चाललं.” पुढचं ती रिकाम्या खोक्याकडे बघत बोलली. “मग काढलं... आणि इकडे घेऊन आले.”

“चालू असलेलं?”

“चालू असल्यावर इथे यायला कारण काय उरलं असतं?”

त्याने फॉर्म पुढे ओढला. “मी रागाने खूण केली. दुसऱ्या कुणाचा हात लागलाय असं वाटलं आणि... मला सहन झालं नाही. खरं सांगतो. थांबा, दुसरा फॉर्म भरतो.”

“नको.” तिने फॉर्मवर हात ठेवला. त्याच्या बोटांवरच पडला तो, आणि तिने काढला नाही. “मी उघडलंय, खरं तेच राहू दे. वॉरंटी असली की इथेच यायचं, टोकन घ्यायचं, टेबलाच्या अलीकडे उभं राहायचं. आता बिघडलं, तर मला वाटेल त्याला घरी बोलावता येईल.”

काउंटरवर ताई उगाचच कागद चाळत होती. त्याने आवाज खाली आणला.

“मला... रविवारी सुट्टी असते.”

“बरं,” ती म्हणाली. “मग रविवारी बिघडेल.”