पाचपेडी वेणी

डॉक्टरीणबाईंनी त्या दुपारी दवाखाना लवकर बंद केला, तो फक्त एका ब्रोचची मोडलेली पिन दुरुस्त होऊन आली का ते बघायला. एवढंच काम होतं. पण जुन्या दागिन्यांच्या दुकानात 'एवढंच काम' घेऊन गेलेलं माणूस तेवढंच करून परतल्याचं कोणी ऐकलंय का?

बाई दातांच्या डॉक्टर. हात असा हलका, की दात काढून ताटलीत पडला तरी पेशंट म्हणायचा, "सुरू केलंत का?" आणि हौस म्हणाल तर अशी, की ऐकणाऱ्याने खुर्ची जरा मागे सरकवावी. त्यांना शोकाचे दागिने लागत. जुन्या काळी घरातलं माणूस गेलं, की मागे राहिलेले त्याच्या केसांची बट काचेखाली बसवून गळ्यात घालत. ती लॉकेटं, त्या अंगठ्या, ते ब्रोच बाई जमवत. आणि नुसत्या जमवत नव्हत्या, रोज एक घालतही होत्या. दिव्याखाली आ करून पडलेल्या पेशंटच्या नाकासमोर शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या कुणाचे तरी केस लोंबकळत असायचे. तोंडात हत्यारं असल्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती.

"लोक जिवंत माणसांचा गोतावळा जमवतात, माझी मावशी मेलेल्यांचा," असं चिमणी म्हणायची. चिमणी म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही पोर जेमतेम बोलायला लागली होती. बाईंनीच तिला वाढवलं. आता तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती आणि महिन्याभरात ती जाणार होती. त्या विषयावर घरात दोघीही बोलत नसत.

तर, दुकानात. म्हाताऱ्या दुकानदाराने ब्रोच कागदात गुंडाळला आणि जराशाने, मनाविरुद्ध असल्यासारखं, खणातून एक लॉकेट काढून समोर ठेवलं.

बाई काउंटरवर ओणवल्या. काळ्या मिन्याचं, बदामाएवढं लॉकेट. उघडलं की पुस्तकासारख्या दोन बाजू, दोन्हींवर काच. डावीकडच्या काचेखाली गडद तपकिरी केसांची वेणी होती. साधीसुधी नाही, पाचपेडी! एवढीशी, गवताच्या काडीइतकी बारीक, आणि एक केस इकडचा तिकडे नाही. उजवी बाजू रिकामी होती.

"कुणी घातली असेल हो ही?" बाई पुटपुटल्या.

"ते नाही ठाऊक. पण ही बिजागरी बघा, डॉक्टरीणबाई." दुकानदाराने लॉकेट उघडून मिटवलं. आवाजसुद्धा आला नाही. "झिजून झिजून गुळगुळीत झालीय. आणि रिकाम्या बाजूची काच मात्र नवी कोरी. रिकाम्या खोलीत एवढं येणंजाणं कुणाचं?"

"तुम्ही गिऱ्हाईक घालवायचं ठरवलंय का?"

"तसं नाही. न्या. फक्त ती बाजू आहे तशीच राहू द्या."

बाईंनी मान डोलावली, पण कान कधीच घराकडे निघाले होते. कारण दुसऱ्या दिवशी संग्राहकांचं वार्षिक प्रदर्शन होतं. दरवर्षी पहिलं बक्षीस कर्नलीणबाई न्यायच्या आणि दुसरं आमच्या बाई. कर्नलीणबाई दरवेळी खांद्यावर थोपटून म्हणायच्या, "पुढच्या वर्षी हं." त्या थोपटण्याने बाईंचा खांदा आतापर्यंत झिजायचा राहिला होता इतकंच. यंदा मात्र हे लॉकेट! बाईंचा आनंद गगनात मावेना.

मावला तो घरी आल्यावर, नियमांचा कागद आठवला तेव्हा. अर्धी वस्तू स्पर्धेत चालत नसे. 'अपूर्ण' अशी पाटी लावलेलं एक टेबल त्यासाठी हॉलच्या मागच्या दाराशी, केरसुण्यांच्या शेजारी मांडलेलं असे.

रिकामी जागा आपल्या हाताने भरणं हे या छंदातलं सगळ्यात मोठं पाप. हे बाईंनीच नवख्या मंडळींना डोळे वटारून शिकवलं होतं. पण हौस एकदा डोक्यात गेली की शहाणपण पायरीवरच बसून राहतं. बाईंच्या कपाटात एक पत्र्याचा डबा होता. त्यात चिमणीची लहानपणची वेणी होती. मावशीला वेणी घालता येत नसे. साधी तिपेडी, तीही इतकी करकचून की पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं. एके दिवशी चिमणीने कात्रीने ती मुळापासून कापून मावशीच्या हातात दिली होती. तेव्हापासून तिचा बॉयकट.

बाईंनी एक बट काढून लॉकेटमधल्या केसांशेजारी धरली. रंग इतका जुळला की त्यांना टाळी वाजवावीशी वाटली.

घराला लागून असलेल्या दवाखान्याच्या दिव्याखाली, चिमट्याने, श्वास रोखून त्यांनी बटेची वेणी घातली. तिपेडीच, दुसरी येत कुठे होती! काच उचलली, वेणी बसवली, काच लावली. लॉकेट मिटलं तेव्हा हातात ते कोमट लागलं. दिव्याची ऊब, बाईंनी स्वतःला सांगितलं.

सकाळी नाश्त्याला चिमणी मानेवर हात चोळत आली.

"मावशी, विचित्र वाटतंय ग. कुणीतरी मागे बसून केस विंचरतंय असं."

"बोटभर तर केस तुझे. विंचरणार काय?"

"तेच ना!" चिमणी हसली. पण हात मानेवरून काढला नाही.

बाईंना रात्रीचं कोमट लॉकेट आठवलं. तरी त्यांनी काळा ड्रेस चढवला, लॉकेट गळ्यात घातलं आणि गाडी काढली. गाडीत एक वास येत होता. बाईंच्या अंगाला कायम लवंगेच्या तेलाचा वास असायचा. हा तो नव्हता. जुन्या, बंद पेटीतल्या केसांच्या तेलाचा होता. काचा खाली केल्या तरी गेला नाही. चिमणी मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती आणि तिची मान थोडी मागे कलली होती.

हॉल उजेडाने आणि माणसांनी नुसता फुलला होता. टेबलं, भिंगं, कुजबुज, चहाचे कप. उद्घाटनाची लाल फीत नुकतीच कापली होती आणि कात्री अजून तबकात पडलेली होती. बाईंनी लॉकेट उघडून मखमलीवर ठेवलं, तशी गर्दी गोळा झाली. कर्नलीणबाईसुद्धा आल्या, वाकून बघितलं आणि पहिल्यांदाच गप्प राहिल्या. त्या गप्प राहण्याने बाईंच्या अंगात असं वारं भरलं, की सकाळची धास्ती कुठल्या कुठे गेली. चिमणी टेबलामागच्या खुर्चीवर बसून होती.

परीक्षकांनी डोळ्याला भिंग लावलं. मग दुसरं, मोठं लावलं.

"अप्रतिम! दोन्ही वेण्या पाचपेडी! आणि हात एकच आहे, बघा. पेड डावीकडून घ्यायची लकब दोन्हीकडे सारखी."

"दोन्ही...?" बाई म्हणाल्या.

"तुम्हीच बघा की."

बाईंनी भिंग घेतलं. उजव्या काचेखाली चिमणीचे केस होते, पण काल घातलेली तिपेडी नव्हती. पाच पेड होते, डावीकडच्यासारखेच रेखीव. फक्त शेवट मोकळा राहिला होता, नखाएवढा. आणि त्या मोकळ्या शेवटातला एक पेड, काच बंद असताना, भर उजेडात, पन्नास माणसांच्या घोळक्यात... उचलला गेला. शेजारच्या पेडावरून गेला. खाली दबला.

मागे चिमणीने श्वास घेतला. अर्धाच.

बाई वळल्या. चिमणीची मान मागे गेली होती, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ पांढरे. आईच्या गुडघ्यांत पाठ टेकवून बसलेल्या मुलीसारखी ती बसली होती.

"चिमणे! ए चिमणे!"

"हं..." आवाज लहान मुलीचा होता. "मावशी, ही ओढत नाही ग. अजिबात दुखत नाही."

"कोण? कोण ओढत नाही?"

"झालीच... थोडी राहिलीय..."

दुसरा पेड उचलला गेला. चिमणीचा श्वास आणखी तोकडा झाला. वेणी पुरी झाली की काय होणार, हे सांगायला बाईंना कुणा जाणत्याची गरज नव्हती. त्यांनी पर्समधून चिमटा आणि दात कोरायची बारीक आकडी काढली आणि आकडी काचेच्या कडेत घातली.

"अहो बाई, काय करताय!" परीक्षक ओरडले. "पहिलं बक्षीस आहे हे!"

"खोटं आहे ते! हे माझ्या भाचीचे केस आहेत. काल संध्याकाळी मी स्वतः घातलेत!"

काच निघाली. बाईंनी चिमट्याने वेणीचं टोक धरून ओढलं मात्र, चिमणीचं डोकं इतक्या जोरात मागे हिसकलं की खुर्ची कलंडली. कर्नलीणबाईंनी धावत जाऊन तिला धरलं. बाईंच्या हातातली वेणी ताणलेली होती. पलीकडून धरलेलं होतं. जोर फार नव्हता. आपलं काम कुणी मध्येच थांबवलं तर माणूस धरेल, तेवढाच.

रिकामी खोली आता रिकामी राहणार नव्हती. बाईंना ते कळलं आणि तबकातली कात्री दिसली. त्यांनी कानामागची आपली बट धरली, पांढरी, जाड, आणि कच्चकन कापली.

"ही घे," त्या हळूच म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, ते गर्दीत कुणालाच कळलं नाही. "तिला सोड. ही घे... मी आहे ना."

बट त्यांनी काचेच्या जागी टेकवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग चिमणीची वेणी चिमट्यात सैल पडली आणि अलगद बाहेर आली. बाईंनी घाईघाईने आपली बट आत दाबली, काच बसवली आणि लॉकेट मिटून मुठीत धरलं. ते आता चांगलंच गरम होतं.

"मावशी?" चिमणी डोळे चोळत उठून बसली. "मी झोपले होते? बक्षीस कुणाला मिळालं?"

बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्या सगळ्यांसमोर हमसून हमसून रडल्या. बक्षीस अर्थात कर्नलीणबाईंना मिळालं. संग्राहकांच्या मंडळाने डॉक्टरीणबाईंचं नाव काढून टाकलं. कर्नलीणबाईंनी या वेळी खांद्यावर थोपटलं नाही. पाण्याचा पेला पुढे केला, आणि बाईंचं पिऊन होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

बाई लॉकेट परत करायला गेल्या तेव्हा दुकानदाराने ते हातात घ्यायला नकार दिला. "भरलेलं मी घेत नाही," एवढंच म्हणाला. मग ते बाईंच्याच गळ्यात राहिलं. संध्याकाळी दिवे लावले, की त्यांच्या मानेमागे बोटं फिरायची. पहिल्या दिवशी भीतीने त्यांची दातखीळ बसली, आणि दातांच्या डॉक्टरची दातखीळ काढणार कोण? दुसऱ्या दिवशीही भीती वाटली. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या लक्षात आलं, की आई गेल्यापासून आपल्या केसांना कुणी हातच लावला नव्हता. भीती होतीच, पण आता त्या संध्याकाळची वाट बघू लागल्या. काचेखाली पांढरी पाचपेडी रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. सरकू दे, बाई म्हणायच्या. पोर सुटली, बास.

मग चिमणी नोकरीवर गेली. गाडी हलली त्याच संध्याकाळी बोटं आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. बाईंनी लॉकेट उघडून बघितलं. पांढरी वेणी अर्ध्यावर थांबली होती. महिना झाला, दोन झाले, एक पेडसुद्धा पुढे नाही. सुटले, असं वाटून बाईंनी एके दिवशी फोनवर कर्नलीणबाईंना चहाला बोलावलं.

चहाच्या आधी, दिवाणखान्याच्या उजेडात, त्यांनी सहज भिंग लावलं. पांढऱ्या पेडांत एक केस गडद होता. एकच. घाईत आपलाच एखादा न पिकलेला आला असेल. किंवा चिमणीचा, मागे राहिलेला. घर एक, रक्त एक; केस सारखेच. बाईंनी आकडी हातात घेतली, काचेपर्यंत नेली. मागच्या वेळी ओढलं तेव्हा काय झालं होतं, ते आठवून परत ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. चिमणी होती, नेहमीसारखी किलबिलत. खोली छान आहे, ऑफिसातले लोक बरे आहेत, मावशी तू जेवतेस ना वेळेवर.

"आणि एक गंमत सांगू? मी केस वाढवतेय. दोनच महिन्यांत खांद्याखाली आलेत."

"तू? तुला तर वेणीचा राग."

"हो ना! पण आता आवडायला लागलीय." पलीकडे केसांतून कंगवा फिरल्याचा आवाज आला, संथ, वरपासून खालपर्यंत. "मावशी, तुला पाचपेडी येते का ग?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मला तिपेडीच येते. तुला माहीत आहे."

"मग मला कुणी शिकवली?" चिमणी हसत म्हणाली. "आणि मी तर दोन्ही हातांनी फोन धरलाय."