धक्क्याला लागलेला देवमासा

पडद्यावरचा हिरवा ठिपका सरळ लूत्रो गावाच्या धक्क्याकडे निघाला होता, आणि मशीनचं म्हणणं होतं – देवमासा!

आर्गिरोनं हेडफोन गळ्यात ओढला आणि पायांत चपलाही न सरकवता ती टेकडीवरच्या खोलीतून धावत सुटली. देवमासा… आणि इतक्या उथळ पाण्यात? जखमी असेल, वाट चुकला असेल… धापा टाकत ती धक्क्यावर पोहोचली, तेव्हा समोरून टक्… टक्… टक्… करत एक निळी बोट येत होती. सुकाणूशी उभा असलेला तरुण पीच खात होता, आणि त्याचा रस मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत पोहोचला होता.

"तुम्हाला वाटेत देवमासा दिसला का?"

त्यानं मागे वळून पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे. "तुम्हाला? माझ्या मागे आणखी कुणी उभंय का?"

"चेष्टा नको. आत्ता इथंच येत होता तो. आमच्या मशीननं ऐकला."

"आत्ता इथं मीच आलो, पोरी. दुसरं कुणी नाही."

आर्गिरोचं लक्ष त्याच्या जुनाट इंजिनाकडे गेलं. ते अजून धापा टाकत होतं… टक्… टक्… टक्. देवमासा पाण्याखाली करतो अगदी तस्सं! तिनं ओठ घट्ट मिटले; पण हसू कुठलं मिटतंय.

"अभिनंदन," ती म्हणाली. "मशीनच्या मते तुम्ही पूर्ण वाढ झालेले नर आहात. वजन चाळीस टन."

"नर हे बरोबर ओळखलं. वजनाचं म्हणशील तर दोष माझ्या आईच्या हाताचा."

"आणि तुमच्यासाठी आत्ता एका मालवाहू जहाजानं रस्ता बदलला."

त्यानं डोक्यावरची टोपी काढून समुद्राकडे पाहत मान लववली. "माझ्या बापासाठी कधी गाढवानंसुद्धा रस्ता बदलला नव्हता."

त्याचं नाव मनुसोस.

क्रीटच्या त्या दक्षिण किनाऱ्याला समुद्र चार हातांवरच खोल होतो. देवमासे किनाऱ्याजवळ येतात, श्वासाला वर येतात, पाण्यावर अंग सैल सोडून पडतात… आणि मोठी जहाजं त्यांना न बघताच कापून जातात. म्हणून त्या वर्षी तिथं तीन पिवळी तरंगती पिंपं नांगरली होती. प्रत्येकाखाली, खोल पाण्यात एकेक कान सोडलेला. कान ऐकायचे, मशीन हिशेब करायचं आणि जहाजांना कळवायचं – इकडे कुणीतरी आहे, जरा जपून. मशीन नवं होतं, रोज शिकत होतं. त्यानं ओळखलेलं खरं की खोटं, हे आपल्या कानांनी ठरवायचं काम आर्गिरोचं. त्या कामात ती तरबेज होती आणि तिला ते ठाऊकही होतं.

त्या संध्याकाळी तिनं निळ्या बोटीचा आवाज वेगळा काढला. या आवाजाला काय म्हणायचं, असं मशीननं विचारलं. तिची बोटं क्षणभर थबकली… मग तिनं लिहिलं – मनुसोस.

पिंपांवरचं शेवाळ खरवडायला बोट लागायची, आणि गावात दुसऱ्या चार बोटी असताना आर्गिरोला नेमकी तीच बोट बरी वाटायची. तो इंजीन बंद करायचा. ती वाकून पिंप घासायची, आणि घसरू नये म्हणून तो तिच्या कोटाची कड दोन बोटांत धरून ठेवायचा. नुसती कड. पण उन्हाळाभर त्या दोन बोटांची ऊब तिच्या पाठीला पाठ झाली होती.

एकदा समुद्र आरशासारखा सपाट होता. ती म्हणाली, "आज किती छान आहे! पलीकडच्या पिंपापर्यंत जाऊ या."

मनुसोसनं डोंगराकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. "नाही. तो येतोय."

"तो कोण?"

"उत्तरेचा वारा. आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत."

"नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका ऐकल्यात मी. वाऱ्याचं न घेणारे पुरुष पहिल्यांदाच बघतेय."

"हस, हस. दरीतून खाली कोसळतो तो, दगडासारखा. पाणी सपाट दिसतं, नवख्याला वाटतं काय छान… आणि मग एकच थप्पड. माझ्या चुलत्याची बोट त्यानंच नेली." त्यानं बोट वळवली. "तो असला की काठ सोडायचा नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही. कळलं?"

"माझ्यासाठीसुद्धा नाही" – हे शब्द घरी येईपर्यंत तिच्या कानांत घोळत राहिले. हेडफोन लावला तरी जाईनात.

मग त्याच्याकडून फोनवर ओळी येऊ लागल्या.

त्या बेटावर माणसं लाजली, रुसली, भांडली तरी दोन ओळींत जुळवून बोलतात. मान्तिनादा म्हणतात त्याला. मनुसोसचा काका सिफिस तर लीरा वाजवत वाजवत सगळ्या पंचक्रोशीला दोन ओळींत गार करायचा. त्यामुळे पुतण्याची ओळ आली, तेव्हा आर्गिरोला नवल वाटलं नाही. गोड मात्र वाटलं.

*तुझ्या डोळ्यांचा किनारा, माझ्या गलबताला हवा,*
*चंद्र विचारतो मला, कुणासाठी हा दिवा?*

रोज सांजेला एक. गुळगुळीत, गोल, नदीतल्या गोट्यासारखी. तिकडे हिराक्लिओ शहरातल्या कचेरीतून विचारणा आली होती – हिवाळ्यात मशीनपाशी लूत्रोत राहणार, की इथून काम बघणार? सोमवारी शहराकडची बोट सुटायच्या आत कळव. हिवाळ्यात लूत्रोत दहा-बारा चुली पेटत्या राहतात, बाकी सगळी कुलपं. तिनं मनाशी ठरवत आणलं होतं, राहायचं. आणि त्या गुरुवारी ही ओळ आली –

*मंद उत्तरेचा वारा, तुझ्या केसांत खेळावा,*
*त्याच्या हळुवार हाती, माझा निरोप यावा.*

आर्गिरोनं ती एकदा वाचली. पुन्हा वाचली. हेडफोनमध्ये बोटीच्या पंपालाच मशीन देवमासा म्हणतं, तेव्हा तिच्या मानेवर जी थंड शिरशिरी यायची, तीच आली.

सकाळी ती धक्क्यावर गेली. तो बोटीला निळा रंग लावत होता.

"मनुसोस, उत्तरेचा वारा मंद कधीपासून झाला रे?"

ब्रश थांबला. "म्हणजे?"

"हळुवार हाताचा. माझ्या केसांत खेळणारा. तुझ्या चुलत्याची बोट नेणारा तो… की त्याचा कुणी भाऊ आहे?"

त्याच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. "ते… घाईत लिहिलं गेलं."

"मनुसोस!"

"फोनला विचारून लिहिलं," तो ब्रशशी बोलला.

"आणि बाकीच्या?"

"सगळ्याच." त्यानं डबा खाली ठेवला. "आमच्या घरात कुत्रंसुद्धा यमकात भुंकतं, आर्गिरो. मला एकट्याला जमत नाही. एक ओळ येते, दुसरी येतच नाही. तू हुशार, दिवसभर मशीनशी बोलणारी… वाटलं, तुला तसलं आवडत असेल."

"दिवसभर मशीनशी बोलते, म्हणूनच संध्याकाळी माणूस लागतो मला." तिची मान ताठ होती. "खरं काय नि खोटं काय, हे ओळखायचा मला पगार मिळतो. घरी येऊन तेच फुकटात नाही करणार मी."

"मग… सोमवारी जाणार?"

"रविवारी तुझ्या भाचीचं बारसं आहे. लीरा तुझ्यापुढे थांबेल तेव्हा स्वतःचं बोल. नाही जुळलं तर नाही जुळलं. पण तुझं असू दे."

"लोक हसतील."

"हसू देत. मी आधी हसेन, म्हणजे तुला सवय होईल."

त्याच शुक्रवारी दुपारी डोंगरावरून तो आला, शनिवार तर त्यानंच गाजवला. उत्तरेचा वारा दरीतून कोसळत होता, खिडक्यांची झडपं आपटत होती, एकही बोट सुटली नाही. आर्गिरो पेटी भरत होती. भरायची, एखादा झगा पुन्हा बाहेर काढायची… आणि स्वतःवरच चिडायची.

रविवारी देवळातलं पाणी, तेल, लेकराची रड सगळं उरकलं. भिंतीच्या आडोशाला लांबलचक मेजं मांडली. उकडलेलं बोकड, त्याच्या रश्श्यातला भात, मधात न्हालेल्या चीजच्या पोळ्या, राकीचे इवले पेले. सिफिसकाका लीरा वाजवत मेजांमधून फिरू लागले. ज्याच्यापुढे थांबेल त्यानं दोन ओळी म्हणायच्या. अडला, तर दुसऱ्या कुणी पुरी करायची. पण पुरी करणारा त्या गाण्याचा अर्धा धनी होतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

लीरा मनुसोसपुढे थांबली.

"याला सोडा, काका," कुणीतरी ओरडलं. "याचा फोन चार्जिंगला लावलाय!"

म्हणजे गावाला कळलं होतं. मेजभर हशा पिकला. मनुसोस उठला. पांढरा सदरा, नखात अजून निळा रंग. त्यानं कुणाकडेच पाहिलं नाही. एकदाच, तिच्याकडे…

*"कोसभर खोल पाण्यातलं, तुला ऐकू येतं सारं…"*

बस्. पुढे काही येईना. लीरा एकाच सुरावर घोटाळत राहिली. हसणारे हळूहळू गप्प झाले. त्यानं दोन्ही हात पसरले – एवढंच आहे माझ्याकडे, असे.

आर्गिरोनं ऐकलं. डोळे मिटून, पडद्याकडे न बघता, कामावर ऐकते तसं. ही ओळ गुळगुळीत नव्हती. तिला कडा होत्या. तिच्यात डिझेलचा वास होता, पिंपावरचं शेवाळ होतं, कोटाची कड धरणारी दोन बोटं होती. आणि जुनाट इंजिनासारखं धडधडणारं काहीतरी… हे ओळखायला मात्र मशीनही चुकलं नसतं.

ती उभी राहिली. मेजावर पेले किणकिणले.

*"जवळचंही ऐकते रे, बोल ना – पडलंय वारं!"*

सिफिसकाकांनी गज असा ओढला की भाची झोपेतून दचकून रडू लागली. "झालं!" ते गर्जले. "अर्धी त्याची, अर्धी तिची! आता कोण वाटण्या करतो बघू!"

त्या गोंधळात मनुसोस मेजाला वळसा घालून तिच्यापाशी आला. तिनं खुर्चीवर टाकलेल्या कोटाची कड त्यानं धरली. दोन बोटांत.

"खरंच पडलं गं वारं," तो हळूच म्हणाला. समुद्राकडे पाहताना त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे उद्या सकाळची बोट सुटणार."

"सुटू दे की." आर्गिरोनं त्याच्या हातातली कोटाची कड सोडवली, आणि तिथं आपला हात ठेवला. "मी तिच्यात नसेन."