रोज बासष्ट किलोमीटर

खोटं वाटलं तर वाटू द्या. जागृतीनं हे सांगितलं तेव्हा अर्जांची फाईल तिच्या मांडीवर होती. त्यावरचे शिक्के मी स्वतः पाहिलेत.

११ मार्च २०२५, मंगळवार. समुद्रपूर तालुक्यातलं एक पोलीस ठाणं.

मागच्या आवारात तिच्या भावाची कार उभी होती. अंकितची.

अपघातात माणूस गेला की गाडी घरी येत नाही. ती मुद्देमाल होते. पंचनामा, तपासणी, कोर्टाचा आदेश... तोवर आवारात धूळ खाते.

अंकितची पाच आठवडे खात होती. इंजिन आत घुसलेलं. पुढचं एक चाक नाही. बॅटरी काढलेली.

आणि तरीही रोज संध्याकाळी सातला, सिंदीच्या घरासमोर...

हॉर्न.

दोनदा. अंकित वाजवायचा तसा.

आई, सीताबाई, उठून फाटक उघडायची. बाहेर कोणी नसायचं. आई हसायची. पोराच्या मरणाला ती अजून एकदाही रडली नव्हती.

जागृतीला एवढंच हवं होतं. गाडी सोडवायची, भंगारात तोडायची. हॉर्न थांबेल. आई एकदाची रडेल.

अर्ज पहिला. परत. मीटर जुळत नाही.

अर्ज दुसरा. परत. मीटर जुळत नाही.

अर्ज तिसरा. साहेब रजेवर.

अर्ज चौथा, पाचवा, सहावा. परत. परत. परत.

पंचनामा हवालदार रूपरावांनी लिहिला होता. माणूस काटेकोर. बाकीचे लिहीत नाहीत, यांनी मीटरचा आकडासुद्धा लिहिला. ८४,२१६. जुनी गाडी, आकड्यांच्या चकत्यांचा मीटर.

तो वाढत होता.

रोज बासष्टनं.

ठाणं ते सिंदी एकतीस. जाऊन-येऊन...

"ताई, मीटर तुमीच फिरवता का?"

"आवाराची चावी तुमच्यापाशी, रूपरावजी. मी का भिंतीवरून उड्या मारून येतो?"

"मंग वाढते कसा?"

"मलेच इचारता? तीन चाकांवर कुठं जाऊन राह्यली ते तुमी सांगा!"

"मी फक्त लिहिलं."

"काऊन लिहिलं पण? खोडा तो आकडा."

"पंचनाम्यात खाडाखोड? नोकरी जाईन ना माही."

जागृती पायरीवर बसली. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या तिच्या सगळ्या रजा संपल्या होत्या.

"सातपर्यंत इथंच हाओ मी. मीटर माह्या डोळ्यांसमोर फिरू द्या. तुमी साक्षीदार."

रूपरावांनी खुर्ची आणली. गाडीपासून जरा लांबच टाकली.

सातला पाच कमी.

रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज थांबला... ट्रक मात्र जाताना दिसत होते.

सात.

जागृतीनं टपावर तळहात दाबून धरला. पत्रा गार. धूळ जशीच्या तशी. चकती हलली नाही.

"पाहा! हालली नाई!" ती ओरडली. "लिहा आता!"

तेवढ्यात मोबाईल वाजला. आई.

"जागृते, अंकित आला वं."

"आई, गाडी इथं हाय. माहा हात हाय तिच्यावर."

पलीकडून हॉर्न ऐकू आला...

दोनदा.

"थट्टा करतं का म्हातारीची?" आई हसली. "मागच्या सीटवर काऊन बसली तू? उतर ना खाली."

जागृतीनं काचेतून आत पाहिलं.

मागची सीट रिकामी होती. फक्त मधोमध, एका माणसाएवढी जागा... धूळ नव्हती.

एसटीनं ती साडेआठला घरी पोचली. ओट्यावर खरकटं ताट होतं.

"आत्ता तर जेवली," आई म्हणाली, "अन् कुठं गेलती परत?"

जागृतीला भांडायचं होतं. पण पोट तुडुंब भरलेलं होतं.

सकाळपासून तिनं चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

मीटर त्या दिवशी हलला नाही, असं रूपरावांनी लिहून दिलं. पंचनाम्याशी तो अर्थातच जुळला नाही. अर्ज सातवा. परत.

आठवा लिहून तयार आहे. फाईलीत सगळ्यात वर. ती तो द्यायला जात नाही.

"गाडी तोडली," तिनं मला विचारलं, "तर मांगं बसलेल्या माहं काय होईन? हे कोन्या टेबलावर इचारू?"