कोरडा पाय

डोंगरमाथ्यावरच्या झाडाची साल आणायला दोघं निघाले होते: प्रयोगशाळेतल्या बाई आणि साठीचा वाटाड्या. खाली शहरात तापाची साथ होती, लस फुसकी निघत होती आणि बाईंची थोरली बहीण त्याच तापाच्या वॉर्डात नर्स होती. लशीला जोर आणतं ते सालीतलं सॅपोनिन, म्हणजे पाण्यात फेस करणारा पदार्थ. बागेतल्या झाडांच्या सॅपोनिनच्या रेणूला तेलकट शेपूट नव्हती. माथ्यावरच्या झाडाच्या सॅपोनिनला होती. ती शेपूट असली तर शरीर खडबडून जागं होतं. नसली तर लस टोचली काय आणि न टोचली काय, सारखंच!

चौथ्या दिवशी साल हाती लागली. झाड मरू नये म्हणून वाटाड्याने ती एकाच बाजूने सोलली. पण उतरताना दरड सरकली. दगड घरंगळले. बाई वाचल्या, वाटाड्याची नडगी मोडली. त्यांनी सालीच्या दोन लांब पट्ट्या लावून त्याचा पाय घट्ट बांधला, त्याला कपारीत बसवलं आणि नदी कुठून ओलांडता येईल ते बघायला गेल्या.

त्या परतल्या तेव्हा चूल धगधगत होती.

"तुमचं ओझं हलकं केलं," वाटाड्या कौतुकाने म्हणाला. "सगळी साल उकळून काढली. चिमूटभर राख टाकली, आमची आई कपड्यांना तसंच करायची. फेस तर बघा."

फेस भांड्याबाहेर ओसंडत होता. बाईंनी घाईने भांडं चुलीवरून उतरवलं.

"काका, राखेने शेपूट तुटते."

"अहो, पण फेस?"

"फेस शेपटीवाचूनही येतो."

वाटाड्याचा चेहरा पडला. बाईंना त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. साल कुजू देऊ नका, एवढंच त्यांनी बजावलं होतं. राखेचं सांगायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"परत वर जा. मी थांबतो," तो म्हणाला.

जाऊन यायला चार दिवस लागले असते. त्याच्या मोडक्या पायाची बोटं आताच काळीनिळी पडली होती.

"नाही जायचं," बाई म्हणाल्या, आणि ताईची आठवण येऊन त्यांना रडू कोसळलं.

वाटाड्याने आपल्या बांधलेल्या पायाकडे बोट केलं. "ह्या दोन पट्ट्यांना राख लागलेली नाही. सोडा आणि घेऊन जा."

"हाड सरकलं तर पाय जाईल."

"मग पायासकट न्या."

बाईंनी त्याला आधार देत नदीपर्यंत उतरवलं. पाणी छातीपर्यंत होतं. पट्ट्या भिजल्या की सॅपोनिन पाण्यात धुऊन जाणार. वाटाड्या काखेत पिण्याच्या पाण्याचे रिकामे कॅन धरून पाठीवर तरंगला. त्याचा मोडका पाय बाईंनी खांद्यावर घेतला. मधोमध धार आली. बाईंचा तोल गेला. एक कॅन सुटला! वाटाड्याचं डोकं पाण्याखाली गेलं, नाकातोंडात पाणी शिरलं; पण पाय वरच होता. बाईंनी कॉलर धरली. ओढलं. पुन्हा ओढलं. पायाखाली वाळू लागली तेव्हा दोघंही चिंब भिजले होते आणि पट्ट्या कोरड्या होत्या.

शहरात, ताईच्याच दवाखान्यात, प्लास्टर घालायच्या आधी त्या पट्ट्या ताईनेच सोडल्या. सवयीने ती त्या कचऱ्याच्या बादलीत टाकायला निघाली, तर बाईंनी तिचं मनगट धरलं.

आठवड्याने बाई वाटाड्याच्या खाटेपाशी आल्या. ताई त्याला गोळ्या देत होती.

"फेस आला का?" त्याने भीतभीत विचारलं.

"फेस बघितलाच नाही काका. शेपूट शाबूत आहे. आता नेमकी कुठली शेपूट हवी ते कळलं, म्हणजे बागेतल्या झाडांच्या सॅपोनिनला ती जोडून बघता येईल."

"मग माझी लस कधी?" ताईने विचारलं.

बाईंना खोटं बोलवेना. "वर्ष लागेल. कदाचित जास्तच."

"बरं. तोवर मी जपून राहते," ताई म्हणाली. तिने मास्कच्या नाड्या पुन्हा बांधल्या आणि ती तापाच्या वॉर्डाकडे गेली.