आरशातून घेतलेले डोळे

पेंटरचं काम साधं होतं. घरात कुणी गेलं की लोक त्या माणसाचा गेल्यानंतर काढलेला शेवटचा फोटो घेऊन त्याच्याकडे येत. फोटोत डोळे मिटलेले असत, आणि घरच्यांना चित्रात ते उघडे हवे असत. मग पेंटर चेहरा फोटोवरून काढायचा आणि डोळे मात्र हातातल्या आरशात बघून स्वतःचेच घालायचा. तीस वर्षं हे चाललं होतं, कुणाला पत्ता नव्हता. "अगदी आपल्याकडेच बघतायत हो," म्हणत लोक डोळे टिपायचे.

"मेलेल्यांचे उघडता," बायको म्हणायची, "स्वतःचे कधी उघडणार?"

हृदय थकलंय, फार महिने नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ते बोलणं त्याला लागलं. जन्मभर लोकांना आवडेल तेच काढलं. जाण्याआधी एक तरी चित्र खरं व्हावं. आपलं स्वतःचं, आहे तसं, भीतीसकट.

दुपारी बायको बहिणीकडे गेली आणि तो कामाला बसला. टर्पेंटाइनचा वास खोलीत दाटून आला. नाक, ओठ, गळ्याची लोंबती कातडी, सगळं मुकाट्यानं उतरलं. डोळे मात्र येईनात. काढावेत तर कुणाच्या वडलांचे वाटत, कुणाच्या धाकट्या मुलीचे वाटत. तो पुसायचा, पुन्हा काढायचा. चौथ्या खेपेला ते आले. भेदरलेले होते, पण त्याचेच होते. त्याला इतकं हलकं वाटलं की ब्रश हातातून कधी गळला तेही कळलं नाही.

दार वाजलं. कॅनव्हासकडे पाठ करून त्याने ते उघडलं. गल्लीच्या टोकाच्या मास्तरीणबाई होत्या. त्यांच्या यजमानांचं चित्र त्यानेच काढलं होतं.

"पेंटर, घरी चला... ह्यांनी डोळे मिटलेत."

"म्हणजे?"

"चित्रात. आत्ता, मी बघत असताना. पुन्हा उघडून द्या हो."

एरवी तो 'बघतो' म्हणाला असता. आज त्याला खोटं बोलवेना.

"बाई, ते डोळे त्यांचे नव्हतेच. माझे होते. तुमचे यजमान गेलेत, बाई. मिटलेलेच राहू द्या."

बाई रडल्या नाहीत. त्या त्याच्या तोंडाकडे बघत एक पाऊल मागे सरल्या.

"पेंटर... तुम्ही डोळे मिटून का बोलताय?"

त्याने चेहऱ्याला बोटं लावली. पापण्या घट्ट मिटलेल्या होत्या, गार होत्या. तरी बाई त्याला स्पष्ट दिसत होत्या, त्यांचा थरथरणारा ओठसुद्धा. फक्त त्या लांब दिसत होत्या, खोलीच्या पलीकडे, दाराच्या चौकटीत. आणि त्यांच्या अलीकडे, त्याच्याकडे पाठ करून, त्याचाच सदरा घातलेला एक वाकलेला म्हातारा उभा होता. चेहऱ्यावरून हात हळूहळू खाली आणत होता.